शेवाळाच्या भरवशावर कंपास घरी ठेवू नका

"झाडाच्या उत्तरेकडच्या बाजूलाच शेवाळ येतं, मग जंगलात कंपास कशाला?" असा मेसेज ट्रेकच्या ग्रुपवर फिरत असतो. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. युरोपात दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेला असतो, त्यामुळे खोडाची उत्तर बाजू सावलीत आणि ओलसर राहते. पण मुंबई विषुववृत्ताच्या साधारण 19 अंश उत्तरेला, इथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेकडेच असतो आणि त्यात पावसाळ्यात अख्खं खोडच भिजलेलं, मग शेवाळ जिथे ओल टिकते तिथे येतं, ओढ्याच्या अंगाला, वाकलेल्या खोडावर, कधी चारही बाजूंनी.

स्वतः बघायचंय? पावसात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जा, वाटेवरची आठ-दहा झाडं मोबाईलच्या कंपासने तपासा (त्याला नेटवर्कची गरज नसते, फक्त मॅग्नेटवालं कव्हर काढा). उत्तर किती झाडांवर जुळते ते मोजा.

सॅक हलकी करायचीच असेल तर जादाचे कपडे काढा ना. सुईवाला छोटा कंपास, शिट्टी आणि टॉर्च मात्र राहू द्या, सह्याद्रीत धुकं उतरलं की दहा पावलांवरची वाटही दिसत नाही आणि सुईला चार्जिंग लागत नाही.