मोंटाना: चोवीस तासांत ५७ अंश

१४ जानेवारी १९७२. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या लोमा या छोट्या गावात पारा उणे ४८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. चोवीस तासांच्या आत तो ९ अंशांवर पोचला. चोवीस तासांत तापमान ५७ अंशांनी चढल्याचा हा जागतिक विक्रम. उलटा प्रकारही याच राज्यातला: जानेवारी १९१६ मध्ये ब्राउनिंग गावात एका दिवसात तापमान ६.७ वरून उणे ४९ पर्यंत कोसळलं.

मोंटाना १८८९ मध्ये अमेरिकेचं ४१वं राज्य झालं. क्षेत्रफळ सुमारे ३.८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा मोठं. माणसं मात्र जेमतेम ११ लाख. पश्चिमेला रॉकी पर्वत, पूर्वेला अफाट मैदान. पर्वतातल्या ट्रिपल डिव्हाइड शिखरावर पडलेलं पाणी उताराप्रमाणे प्रशांत महासागराला, मेक्सिकोच्या आखाताला किंवा हडसन उपसागराला जातं.

हवामानाची विलक्षण ओढाताण याच रचनेतून येते. उत्तरेला आर्क्टिकपर्यंत मैदानात आडवा डोंगर नाही. त्यामुळे ध्रुवाकडची थंड, जड हवा कॅनडातून सरळ खाली घसरते आणि जमिनीलगत पातळ थरासारखी साचून राहते.

पश्चिमेकडून येते ती प्रशांत महासागरावरची दमट हवा. रॉकी चढताना तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात, पाऊस-बर्फ पडतो. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून चढणारी हवा दर किलोमीटरला साधारण सहाच अंशांनी निवते. पलीकडे उतरते तेव्हा ती कोरडी झालेली असते आणि दाब वाढल्यामुळे दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी तापते. चढताना गमावलं त्याहून जास्त उतरताना परत मिळतं! हाच चिनूक वारा. त्याने थंड हवेचा थर बाजूला सारला की पारा अक्षरशः उसळतो. ११ जानेवारी १९८० रोजी ग्रेट फॉल्स इथे अवघ्या सात मिनिटांत तापमान २६ अंशांनी वाढलं.

चिनूक आला की बर्फ झपाट्याने नाहीसा होतो आणि गुरांना खालचं गवत मिळतं. डोंगरउतारावरच्या सूचिपर्णी झाडांना मात्र तो महागात पडतो. कोरड्या, उबदार वाऱ्यात पानांतलं पाणी उडून जातं, पण गोठलेल्या जमिनीतून मुळांना ते भरून काढता येत नाही. मग वसंतात त्या उतारावर ठरावीक उंचीला लालसर, वाळलेल्या झाडांचा पट्टा दिसतो.