अँजिओप्लास्टी आधी पायाची, मग हृदयाची

अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी आतून रुंद करणं, म्हटलं की आपल्याकडे हात छातीवर जातो. पण हा उपचार पहिल्यांदा झाला तो पायावर, १६ जानेवारी १९६४ रोजी, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात. ८२ वर्षांच्या एका बाईंची डाव्या पायाची बोटं काळी पडली होती आणि जखम भरत नव्हती. पाय कापावा लागेल असं सांगूनही बाई तयार होईनात. तेव्हा चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने त्यांच्या मांडीच्या अरुंद झालेल्या धमनीत तार घातली आणि तिच्यावरून आधी बारीक, मग जाड नळी सरकवली. पायात ऊब परतली; बाई अखेरपर्यंत स्वतःच्या पायांनी चालल्या.

रक्त न पोहोचल्याने मांस असं काळं पडून मरतं, त्याला गँगरीन म्हणतात. ते बोटांपासूनच का सुरू होतं, हे कालव्याच्या टेलवरच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. वर कुठेही अडलं की आधी शेवटचं टोक कोरडं पडतं.

शतकानुशतकं यावर उपाय एकच होता, कापणं. १५५२मध्ये फ्रेंच सर्जन आम्ब्रोज पारे यांनी कापल्यावरचं रक्त थांबवायला तापल्या लोखंडाने डागण्याऐवजी रक्तवाहिनी दोऱ्याने बांधली, तेवढीच काय ती दया. १९०८मध्ये डॉक्टर लिओ बर्गर यांनी कापलेले पाय तपासून तरुणांमधल्या, रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या एका आजाराचं वर्णन केलं. त्यामागे तंबाखू असतो हे पुढे पक्कं झालं. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्यांत तो आजही दिसतो, आणि त्यात ‘दिवसाला एखादीच’ ही सवलत नाही. कापण्याला पर्याय मिळाला तो १९४८मध्ये: पॅरिसला सर्जन झां कुनलँ यांनी रुग्णाचीच शीर वापरून पायात बायपास केली, म्हणजे अडलेल्या जागेला वळसा घालून रक्ताला वाट दिली.

डॉटरना मात्र बरीच वर्षं मायदेशी कुणी फारसं मोजलं नाही. त्यांच्याकडे आलेल्या एका चिठ्ठीवर तर सर्जनने ‘फक्त बघा, दुरुस्त करायला जाऊ नका’ अशा अर्थाचं बजावलं होतं! युरोपने ती कल्पना उचलली. झुरिकचे डॉक्टर आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी धमनी रुंद करायला १९७४मध्ये पायाच्या धमनीत फुगा वापरला, १९७७मध्ये हृदयाच्या.

मधुमेहात अडचण दुहेरी असते. रक्त कमी पोहोचतं, शिवाय पाय बधिर झाल्याने चप्पल चावलेली कळत नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवलं, की बोटं नुसत्या रोगाने झडत नाहीत, न जाणवलेल्या जखमांनी जातात. जखमी पायाला प्लास्टर घालण्याची त्यांनी वापरलेली पद्धत पुढे मधुमेहींच्या जखमांनाही लागू पडली.

आज कोरडं काळं बोट लगेच कापत नाहीत. आधी रक्तपुरवठा बघतात, जमल्यास सुधारतात. बोट ओलसर, दुर्गंधीयुक्त झालं, लाली वर चढू लागली, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.