कोल्ड एअर इनटेक, मालवाहू वाहनांतील

इंजिनाला लागणारी हवा बॉनेटखालच्या तापलेल्या जागेतून न घेता बाहेरच्या थंड भागातून घेता यावी, यासाठी कारखान्यातून आलेली एअर क्लीनरची पेटी व नळी काढून त्यांच्या जागी बसवला जाणारा संच. त्यात रुंद व गुळगुळीत वळणांची अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची नळी, तिच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि बऱ्याच संचांत इंजिनाची धग अडवणारा पत्रा असतो. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत, मोठ्या पेट्रोल इंजिनांच्या पिकअप ट्रकांबरोबर वाढला. तेल लावलेल्या सुती जाळीच्या फिल्टरांसाठी ओळखली जाणारी के अँड एन ही कंपनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे सुरू झाली. कोकणात असे संच हौसेच्या पिकअपांवर आणि जीपांवर दिसतात, आणि ते पाहून आंब्याच्या पेट्या, मासळी किंवा चिरे वाहणाऱ्या गाड्यांच्या मालकांनाही त्यांची भुरळ पडते. गाडीचा पिकअप, म्हणजे वेग घेण्याचा जोर, सुधारतो आणि अ‍ॅव्हरेज वाढते, असे विकताना सांगितले जाते. कोकणातील गाड्या, हवा आणि रस्ते लक्षात घेता यांतील पहिला लाभ नगण्य आणि दुसरा जवळजवळ शून्य ठरतो.

तत्त्व : थंड हवा गरम हवेपेक्षा दाट असते, त्यामुळे तेवढ्याच आकारमानात ऑक्सिजन अधिक मिळतो. ३० अंश सेल्सियसच्या आसपास हवेचे तापमान १० अंशांनी उतरले, तर तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी वाढते. पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप पूर्ण उघडून, चालत असताना आत जाणारी हवा हीच त्याच्या शक्तीची मर्यादा असते, म्हणून तेथे ही वाढ बऱ्याच अंशी शक्तीत उतरते. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना मात्र हवेला खरा अडथळा त्या झडपेचाच असतो. तिच्या अलीकडची नळी कितीही रुंद केली तरी चालकाला फरक जाणवण्याचे कारण नाही.

कोकणातील मालवाहू गाड्या बहुतांशी डिझेलच्या आहेत, आणि डिझेल इंजिनाचा हिशेबच निराळा असतो. त्याची शक्ती हवेवर नव्हे, तर फवारल्या जाणाऱ्या डिझेलच्या मात्रेवर ठरते. एक किलो डिझेल पूर्णपणे जळण्यास साधारण १४.५ किलो हवा लागते. इंजिन पूर्ण भारावरही त्याहून अधिक हवा घेते आणि कमी भारावर तर कित्येक पट अधिक. अशा इंजिनाला आणखी तीन टक्के हवा देणे म्हणजे पोट भरलेल्याच्या पानात वाढत राहण्यासारखे आहे. जुन्या गाडीच्या पंपाचे डिझेल मेस्त्रीकडून वाढवून घेतल्यावर ती चढावाला काळा धूर मारू लागते, तेव्हा हवा खरोखरच कमी पडत असते. पण तेथे दोष वाढवलेल्या डिझेलचा असतो, नळीचा नव्हे. शिवाय आजच्या बहुतेक गाड्यांना हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बोचार्जर (टर्बो) आणि ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर असतो. टर्बोने दाबलेली हवा भाराखाली १०० अंशांच्या बरीच वर जाते आणि इंटरकूलर तिला पुन्हा खाली आणतो, त्यामुळे नळीच्या तोंडाशी मिळवलेल्या काही अंशांच्या थंडाव्याचा थोडाच भाग सिलिंडरपर्यंत टिकतो. चिखलाने आणि लाल धुळीने बुजलेल्या इंटरकूलरच्या पट्ट्या पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घेतल्यास याहून अधिक पदरात पडते, आणि त्याला खर्च जवळजवळ नसतो.

याहून मुद्द्याची गोष्ट अशी, की कारखान्यातून आलेली व्यवस्था मुळातच बाहेरची हवा घेणारी असते. टिपर आणि मोठ्या ट्रकांत केबिनच्या मागे उभे केलेले उंच धुराड्यासारखे तोंड दिसते, ते धुराडे नसून हवेचे तोंड असते. पिकअपांत ती हवा पुढच्या जाळीजवळून किंवा चाकावरच्या पत्र्याआडून घेतली जाते. उघडा शंकू बॉनेटखाली नीट आडोसा न करता बसवला, तर कुंभार्ली किंवा फोंडा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणारी भरलेली गाडी रेडिएटरवरून आलेली तापलेली हवाच ओढते, म्हणजे थंड हवेसाठी पैसे मोजून गरम हवा घेतली जाते.

दमट हवेचा परिणाम वेगळा मोजावा लागतो. किनाऱ्यावर ३५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना हवेच्या आकारमानाचा सुमारे ४ टक्के भाग पाण्याच्या वाफेने व्यापलेला असतो आणि तेवढा ऑक्सिजन कमी होतो. घाटमाथ्यावर उंचीमुळे हवा आणखी विरळ होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवरच्या आंबोलीत ती खालच्या सावंतवाडीपेक्षा काही टक्क्यांनी विरळ असते. ही तूट काही अंशी टर्बो भरून काढतो; नळी बदलून ती भरून निघत नाही.

अ‍ॅव्हरेजच्या दाव्यालाही आधार मिळत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा असलेल्या आधुनिक पेट्रोल मोटारींचा फिल्टर मुद्दाम बुजवला तरी इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो वेग घेण्यात. तुंबलेल्या फिल्टरनेही अ‍ॅव्हरेज घसरत नसेल, तर चांगल्या फिल्टरच्या जागी अधिक मोकळा फिल्टर बसवून ते वाढण्याची अपेक्षा धरणे कठीण आहे. तरीही संच बसवल्यावर गाडी जास्त ओढते असे चालक मनापासून सांगतात. मूळ पेटीत हवेचा आवाज दाबणारी पोकळी असते. ती निघाल्यावर टर्बोची शिट्टी आणि हवा ओढल्याचा घोष केबिनमध्ये स्पष्ट ऐकू येतो, आणि आवाज वाढला की जोर वाढल्यासारखे वाटते.

धूळ : जांभ्याच्या चिरेखाणी, कातळावरचे कच्चे रस्ते आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या चौपदरीकरणाची वर्षानुवर्षे चाललेली कामे यांमुळे कोरड्या महिन्यांत येथील गाड्यांना बारीक लाल धूळ खावी लागते. अडीच लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असताना टर्बोचा दाब न धरताही मिनिटाला सुमारे ३७५० लिटर हवा ओढते. दाब धरल्यास हा आकडा दुपटीच्या घरात जातो. एवढ्या हवेतून फिल्टरमागे निसटलेली थोडीशी धूळही पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरची भिंत आणि टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवते. कागदी फिल्टर चांगला असला तर ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवतो, आणि मोठ्या ट्रकांत बाहेरच्या फिल्टरच्या आत सुरक्षेसाठी दुसरा फिल्टरही असतो. पेटीच्या तळाशी असलेल्या रबरी झडपेतून जड धूळ आधीच बाहेर पडते. सुती जाळीचा फिल्टर हवेला अधिक मोकळी वाट देतो. ती वाट त्याने बहुधा धुळीलाही थोडी अधिक दिलेली असते. त्याला धुऊन ठरावीक प्रमाणात पुन्हा तेल लावावे लागते. तेल कमी लागले तर धूळ आत जाते, आणि जास्त लागले तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तप्त तारेवर बसते. मग मोजमाप चुकते आणि इंजिनाचा दिवा पेटतो.

पाणी : अमेरिकी रचनेत थंड हवेसाठी फिल्टर अनेकदा बंपरच्या आड, चाकाजवळ खाली नेलेला असतो. कोकणात ही जागा सर्वांत वाईट. आषाढात छोट्या पुलांवरून पाणी वाहते, बाजारपेठेत गुडघाभर पाणी साचते, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळुणात केले तसे एका रात्रीत सारे शहरही बुडू शकते. खाली बसवलेला फिल्टर पाण्यात गेला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि त्याला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. फिल्टरवर चढवण्याचे कापडी आवरण शिंतोडे अडवते, बुडालेल्या फिल्टरला ते वाचवत नाही. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सेल्फ मारून सुरू करू नये. नोझल किंवा हीटर प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून आतले पाणी आधी बाहेर काढावे लागते. पाण्यातून नेहमी जावे लागत असेल, तर छतापर्यंत उंच नेलेला आणि सर्व सांधे बंद केलेला स्नॉर्केल, म्हणजे हवा ओढण्याची उभी नळी, हा खरा उपाय आहे, आणि त्याचाही एखादा सांधा उघडा राहिला तर त्याचा उपयोग संपतो.

मिरकरवाडा, हर्णे किंवा मालवणच्या बंदरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर खाऱ्या वाऱ्याचाही परिणाम होतो. संचाच्या लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू गंजून सैल पडतात.

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ मानकांहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांत हवेचे मोजमाप धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेशी जोडलेले असल्यामुळे नळीचा व्यास बदलला तर त्या यंत्रणेचा तोल जाऊ शकतो, आणि वॉरंटीवर वाद होतो तो वेगळाच.

ज्यांच्या पेट्रोल इंजिनाची जुळणी स्पर्धेसाठी नव्याने केली आहे आणि जे ते बहुतेक वेळ पूर्ण थ्रॉटलवर चालवतात, त्यांना हा संच उपयोगी पडतो. मालवाहू गाडीसाठी मूळ जातीचा फिल्टर वेळेवर बदलणे आणि पेटीवरची तुंबल्याची लाल खूण पाहत राहणे पुरेसे असते. पंक्चरच्या दुकानात जोराच्या हवेने फिल्टर फुंकून घेण्याची सवय मात्र सोडावी, कारण त्याने कागदाला न दिसणारी भोके पडतात. संच बसवलेला असो वा नसो, फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी नळी उघडून तिच्या आत पांढरे फडके फिरवून पाहण्याची मेस्त्री लोकांची पद्धत चांगली आहे. फडके स्वच्छ निघाले तर ठीक. लाल निघाले तर पेटीचे रबर, नळीची क्लिप आणि फिल्टरची कड तपासावी, आणि थर जुना दिसला तर टर्बोची पातीही उघडून पाहावीत.