तलावाचं पाणी तपासायला किडे कशाला? नागपूरच्या तलावांची मागची गोष्ट

अंबाझरी म्हटलं की आता सप्टेंबर 2023 चा पूर आठवतो, पण हा तलाव 1870 पासून शहराला पाणी पाजत होता बरं का. पुढे 1912 ला गोरेवाडा तलाव आला, मग कन्हान आणि पेंच नद्यांचं पाणी आलं, अंबाझरी पिण्यातून बाद झाला, आणि जे पाणी आपल्या नळाला येत नाही त्याची कोणाला पडलीय? वाडी, हिंगणा एमआयडीसीकडचं सांडपाणी येत राहिलं, जलपर्णी माजली.

पाणी तपासायचं म्हणजे बाटली भरून लॅबला द्यायची, हीच रीत. ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत 1888 ची आहे आणि नागपुरात तर 1958 पासून अख्खी संस्था आहे, आजची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था). अडचण एवढीच की बाटलीत फक्त त्या वेळचं पाणी येतं. मे महिन्यात शेवाळाने हिरव्यागार झालेल्या तलावात भर दुपारी ऑक्सिजन मस्त दाखवेल आणि त्याच तलावात पहाटे ऑक्सिजन कमी पडून मासे वर येऊन तोंड उघडत असतात.

किडे मात्र चोवीस तास तिथेच, म्हणून 1909 मध्येच कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन जोडीने घाण पाण्यातले आणि स्वच्छ पाण्यातले प्राणी वेगळे मांडले होते. नंतर ब्रिटनमध्ये अशा प्राण्यांच्या प्रत्येक कुळाला 1 ते 10 मार्क देणारी बीएमडब्ल्यूपी पद्धत निघाली (जितकं स्वच्छ पाणी लागतं तितके जास्त मार्क), त्यात चतुरांच्या बऱ्याच कुळांना 8 आणि गाळातल्या लाल अळ्यांच्या (मत्स्यपेटीवाले ज्यांना ब्लडवर्म म्हणतात) कुळाला फक्त 2. त्या अळ्या लाल असतात कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, कमी ऑक्सिजनमध्येही निभावतं.

आता ब्रिटनचं गणित नागपूरला जसंच्या तसं कसं लागेल, इथे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, त्यात तलाव आटला की घाण घट्ट होते, पावसाळ्यात गाळ येऊन सगळं ढवळून निघतं, आणि दिवाळीनंतर पाणी निवळलं, काठाला वनस्पती वाढल्या की किड्यांची खरी चंगळ. म्हणजे फक्त जानेवारीत जाळी टाकली तर तलाव ठणठणीत वाटणार, फक्त मेमध्ये टाकली तर मेलेला. अन् पाणविंचू भरपूर दिसले म्हणून खूश व्हायचं कारण नाही, तो शेपटीसारखी नळी पाण्याबाहेर काढून वरची हवा घेतो, त्याला खालच्या ऑक्सिजनचं फारसं सोयरसुतक नाही. म्हणून किड्यांवरून पाणी तपासणारा एखादा अभ्यास हातात आला तर मी आधी नमुने कोणत्या महिन्यांतले आहेत ते बघतो, किड्यांची यादी नंतर.