शेल तेल-वायूचे अंदाज आणि विहिरींचा हिशेब

शेलच्या दाट, चिकणमातीजन्य खडकात वायू असतो, ही माहिती जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया येथे १८२१ मध्येच असा वायू काढून दिव्यांसाठी वापरला गेला होता. नेहमीच्या तेलक्षेत्रात तेल किंवा वायू मूळ खडकातून निघून सच्छिद्र वालुकाश्मात साचतो आणि वरच्या अभेद्य थरामुळे तेथेच अडकून राहतो. अशा साठ्याच्या सीमा आखता येतात आणि क्षेत्रफळ, जाडी व सच्छिद्रता यांवरून त्याचे आकारमान काढता येते. शेलमध्ये मूळ खडक आणि साठ्याचा खडक एकच असल्याने वायू दूरवर पसरलेल्या थरात सर्वत्र विखुरलेला असतो, पण खडकाची पार्यता (वायू-द्रव वाहू देण्याची क्षमता) इतकी कमी असते की कृत्रिम भेगा पाडल्याशिवाय तो विहिरीकडे वाहत नाही. त्यामुळे जमिनीखाली एकंदर किती वायू आहे यापेक्षा एका विहिरीतून किती निघेल आणि अशा विहिरी किती घ्याव्या लागतील, हाच अंदाजाचा खरा आधार ठरतो.

द्रवाच्या दाबाने खडक फोडण्याचा, म्हणजे फ्रॅकिंगचा, पहिला प्रयोग १९४७ मध्ये कॅन्सासमधील ह्युगोटन वायुक्षेत्रात झाला. शेलसाठी ते तंत्र परवडण्याजोगे व्हायला अर्धे शतक जावे लागले. १९७० च्या दशकातील अमेरिकी सरकारचे संशोधन, १९८० पासूनची करसवलत आणि टेक्सासमधील बार्नेट शेलमध्ये मिशेल एनर्जी कंपनीने १९८१ पासून चिकाटीने घेतलेल्या विहिरी यांतून १९९० च्या दशकाअखेर मुख्यतः पाणी आणि वाळू वापरणारी स्वस्त पद्धत हाती आली. २००२ नंतर तिला आडव्या विहिरींची जोड मिळाली आणि उत्पादन झपाट्याने वाढले.

अंदाजाच्या पद्धतींना हा वेग झेपला नाही. विहिरीचे आयुष्यभराचे उत्पादन वर्तवण्यासाठी अभियंते १९४५ मध्ये मांडलेली घट-वक्राची (काळानुसार उत्पादन कसे घटते हे दाखवणाऱ्या आलेखाची) सूत्रे वापरत आले होते. शेलच्या विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच बहुधा निम्म्याहून खाली येते, म्हणून एक-दोन वर्षांच्या नोंदींवर तीस वर्षांचा वक्र ताणला की उत्तर सहज फुगते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने २००२ मध्ये पूर्व अमेरिकेतील मार्सेलस शेलमधील काढता येण्याजोगा वायू सुमारे २ लाख कोटी घनफूट धरला होता. २०११ मध्ये त्याच खात्याची सरासरी ८४ लाख कोटींवर गेली आणि तिची व्याप्ती ४३ ते १४४ अशी होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने ४१० लाख कोटी हा आकडा वापरला आणि पुढच्या वर्षी तो १४१ वर आणला. खडक अर्थातच तोच होता.

कॅलिफोर्नियातील माँटेरे शेलचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०११ च्या अंदाजात तेथे १५.४ अब्ज पिंपे तेल धरले होते. त्यामागचे गणित सरळ होते: १,७५२ चौरस मैल क्षेत्र, दर चौरस मैलास १६ विहिरी, दर विहिरीमागे साडेपाच लाख पिंपे. वलीकरणाने (थरांना घड्या पडून) आणि भ्रंशांनी (तड्यांवरून खडक सरकून) मोडलेल्या या खडकाचा प्रत्यक्ष अनुभव लक्षात घेता २०१४ मध्ये आकडा ०.६ अब्जावर, म्हणजे ९६ टक्क्यांनी खाली आला. या घसरणीवर पुष्कळ चर्चा झाली. मूळ गणितात २८ हजार विहिरी गृहीत होत्या, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. इतक्या विहिरींचे पाणी, सांडपाणी, रस्ते आणि गळती यांचा हिशेब त्याच कागदावर मांडता आला असता. साठ्याचे अंदाज एका संस्थेने आणि परिणामांचे दुसऱ्या संस्थेने करण्याची प्रथा पडल्यामुळे तो मांडला गेला नाही, असे माझे मत आहे.

परिणामांच्या मोजणीलाही उशीर झाला. अमेरिकेच्या २००५ च्या ऊर्जा कायद्याने डिझेलचा अपवाद वगळता भेगा पाडण्याच्या द्रवांना पेयजल संरक्षण कायद्याच्या भूमिगत अंतःक्षेपणविषयक नियमांतून सूट दिली. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१५ च्या मसुद्यात पेयजलावर व्यापक परिणामाचा पुरावा नसल्याचे वाक्य होते; २०१६ च्या अंतिम अहवालातून ते गाळण्यात आले, कारण देशव्यापी निष्कर्षासाठी माहितीच अपुरी होती.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेल्या मिथेनच्या गळतीबाबत तर उत्पादनाच्या अंदाजातला दोष उलट्या दिशेने दिसतो. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी शेल विहिरीच्या आयुष्यभरातील उत्पादनापैकी ३.६ ते ७.९ टक्के वायू निसटतो असे मांडले, आणि त्यावर तीव्र वाद झाला. २०१३ मध्ये कंपन्यांच्या सहकार्याने झालेल्या मोजणीत विहिरी पूर्ण करतानाचे उत्सर्जन बरेच कमी आढळले. २०१८ च्या विस्तृत अभ्यासाने संपूर्ण तेल-वायू साखळीसाठी २.३ टक्के हा आकडा दिला, जो सरकारी नोंदींपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता. मोजक्या ठिकाणांहूनच बरीचशी गळती होते, त्यामुळे ती ठिकाणे नमुन्यातून सुटली की सरासरी खाली येते. उत्पादनात नेमक्या उलट कारणाने, उत्तम विहिरी आधी खोदल्या गेल्यामुळे, ती वर जाते.

भूकंपांचा धडा जुनाच होता. डेन्व्हरजवळ १९६२ पासून खोल विहिरीत सांडपाणी सोडल्यावर धक्के बसू लागले होते. तरीही ओक्लाहोमात तेल-वायूबरोबर येणारे खारे पाणी मोठ्या प्रमाणावर जमिनीत सोडले गेले आणि २०१६ मध्ये पॉनी येथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला.

ब्रिटनमध्ये साठ्याचा आणि परिणामांचा असे दोन्ही हिशेब अखेर एकाच ठिकाणी भिडले. तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१३ मध्ये उत्तर इंग्लंडच्या बोलंड शेलमध्ये १,३२९ लाख कोटी घनफूट वायू असल्याचा मध्यवर्ती अंदाज दिला. तो खडकातील एकूण वायूचा होता, काढता येण्याजोग्या वायूचा नव्हे. फ्रॅकिंगमुळे २०११ मध्ये तेथे बसलेल्या धक्क्यांनंतर ०.५ तीव्रतेच्या भूकंपाला काम थांबवण्याचा नियम झाला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रेस्टन न्यू रोड या फ्रॅकिंगच्या ठिकाणी २.९ तीव्रतेचा धक्का बसला, नोव्हेंबरमध्ये सरकारने फ्रॅकिंग स्थगित केले, आणि विहिरीमागे किती वायू मिळेल हे ठरवण्याइतक्या विहिरी तेथे झाल्याच नाहीत.