"तेवढी ट्यूब द्या" म्हणण्याआधी: कातडीचं दुखणं डॉक्टर कसं ओळखतात
(आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

काउंटरवर दिवसातून कितीतरी वेळा कोणी शर्टाची बाही वर करतं, कोणी मोबाइलमधला फोटो समोर धरतं, आणि म्हणतं, "यावर काहीतरी द्या ना." जागा दाखवण्यासारखी नसेल तर आवाज खाली येतो आणि "जांघेत खाज आहे" एवढंच कानावर येतं. चिठ्ठीवरचं औषध नीट देणं, ते कसं आणि किती दिवस लावायचं ते समजावणं हे आमचं काम. चट्टा कशाचा आहे हे काउंटरवरून ओळखता येत नाही. का येत नाही आणि डॉक्टर ते कसं ओळखतात, ते इथे सांगतो.

सुरुवात घरच्या उदाहरणाने करतो. आमच्या काकांना मांडीवर गजकर्ण झालं. शेजाऱ्याने आपली उरलेली ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज थांबली, काका खूश. ट्यूब संपली की खाज परत, म्हणून नवी ट्यूब. असे आठ महिने गेले. डॉक्टरांकडे गेले तेव्हा चट्टा पोटापर्यंत पसरला होता आणि मांडीच्या कातडीवर बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा रेषा उमटल्या होत्या. त्या रेषा आजही आहेत.

गजकर्ण म्हणजे बुरशी. ती मधून बाहेर सरकत जाते, म्हणून चट्टा गोल दिसतो: कड उठावदार, कडेवर बारीक कोंडा, मधला भाग थोडा निवळलेला. डॉक्टर आधी ही कडच बघतात. काकांच्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइडही होतं. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, पण बुरशीशी झुंजणारी कातडीची ताकदही दबते. बुरशीला मोकळं रान मिळतं आणि जिच्यावरून ओळखायचं ती कड पुसली जाते. डॉक्टर याला 'टिनिया इनकॉग्निटो' म्हणतात, म्हणजे ओळख लपवलेलं गजकर्ण. त्यात अलीकडे आपल्याकडची बुरशीही हट्टी झाली आहे. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांमध्ये सापडलेल्या एका बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं नाव दिलं. बुरशीवरचं नेहमीचं औषध टर्बिनाफिन तिच्यावर अनेकदा लागू पडत नाही. स्टिरॉइडची अनेक मलमं २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'शेड्यूल एच'मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत, घातली, ती याच गैरवापरामुळे. चिठ्ठीशिवाय आम्ही ती देत नाही. रागावू नका.

डॉक्टर काय विचारतात, काय बघतात

पहिली पाच-दहा मिनिटं नुसत्या प्रश्नांत जातात. कधीपासून आहे? आधी कुठे उठलं? खाज रात्री वाढते का? घरात आणखी कोणाला आहे का? हे शेवटचे दोन प्रश्न खरजेचे आहेत. रात्रीची खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुरळ, आणि घरातली दोन-तीन माणसं खाजवत असतील तर निदान जवळजवळ झालंच. मग एकट्याला औषध देऊन भागत नाही, सगळ्या घराला एकाच वेळी घ्यावं लागतं. कामधंदाही विचारतात. गवंड्याच्या हातांना सिमेंटचा त्रास होतो. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला तर टिकलीच्या गोंदाचा संशय येतो.

मग बघणं, आणि तेही खिडकीजवळ, चांगल्या उजेडात. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसतेच असं नाही, ती जांभळट किंवा तपकिरी दिसते. मोबाइलच्या फोटोत तर रंगाचा भरवसाच नाही. तक्रार हाताची असली तरी डॉक्टर डोकं, कोपर, गुडघे, नखं आणि तोंडाच्या आतली बाजू बघतात. यात संकोच करू नका. सोरायसिसच्या रुग्णाच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे सापडतात आणि निदानाला बळकटी मिळते. लाल डागावर काचेची पट्टी दाबूनही बघतात. डाग फिका पडला तर रक्त वाहिन्यांतच आहे, तसाच राहिला तर ते बाहेर झिरपलेलं आहे.

फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर डॉक्टर डोळे मिटायला सांगतात आणि कापसाची वात हलकेच टेकवून "लागलं का?" विचारतात. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाचा विचार होतो. आपटल्यावर झिणझिण्या येतात ती कोपरामागची नस जाड झाली आहे का, तेही चाचपतात. हे नाव ऐकून घाबरून घरी बसू नका. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र नस कायमची निकामी होऊ शकते.

चाचण्या

बहुतेकांना चाचणी लागतच नाही. लागलीच तर सर्वांत स्वस्त आणि झटपट चाचणी बुरशीची. ब्लेडच्या बोथट बाजूने चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडतात. दुखत नाही, पाटी खरवडल्यासारखं वाटतं. कोंडा काचपट्टीवर घेऊन त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. पंधरा-वीस मिनिटांत कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशी मात्र विरघळत नाही. मायक्रोस्कोपखाली फाटे फुटलेले काचेसारखे धागे दिसतात. आम्ही स्वतः एकदा त्यात डोकावून पाहिलं आहे. इतके दिवस ज्यावर मलम विकत होतो, ते डोळ्यांनी दिसलं. आधीच बुरशीचं मलम लावत असाल तर हे धागे अनेकदा सापडत नाहीत आणि डॉक्टरांना मलम काही दिवस बंद ठेवून पुन्हा बोलवावं लागतं.

वूड्स लॅम्प म्हणजे अंधाऱ्या खोलीत टाकलेला जांभळट प्रकाश. त्यात कोड खडूसारखं पांढरंशुभ्र चमकतं, नुसता फिका पडलेला डाग तसा चमकत नाही. डर्मोस्कोप म्हणजे दिवा जोडलेलं, साधारण दहापट मोठं दाखवणारं भिंग.

बायॉप्सी म्हटलं की लोक कॅन्सर समजतात. तसं नसतं. दोन पुरळ वरून सारखेच दिसतात तेव्हा आतली रचना बघावी लागते, एवढंच. जागा बधिर करून ३ ते ४ मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, एखादा टाका घालतात. दुखतं ते फक्त बधिर करायच्या इंजेक्शनचं.

अॅलर्जीची पॅच टेस्ट वेगळी. संशयित पदार्थ, म्हणजे केसांच्या डायमधलं रसायन, खोट्या दागिन्यांतलं निकेल, सिमेंटमधलं क्रोमेट, छोट्या चकत्यांत भरून पाठीवर चिकटवतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. चकत्या काढल्यावर एकदा आणि दोनेक दिवसांनी पुन्हा बघतात. ही दुसरी खेप पुष्कळ जण चुकवतात, आणि उशिरा उठणारी अॅलर्जी नेमकी तेव्हाच दिसते.

थांबू नये अशी वेळ

कोणत्याही गोळीनंतर अंगावर फोड, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा आणि ताप आला, किंवा ओठ-चेहरा सुजून श्वास जड झाला, तर आमच्याकडे नको, थेट मोठ्या दवाखान्यात जा. तळव्यावरचा किंवा नखाखालचा काळा डाग वाढत असेल तर तोही दाखवून घ्या.

जाताना

चट्ट्यावर त्या दिवशी मलम, पावडर, हळद, चुना काही लावू नका. नखांवर नेलपॉलिश, चेहऱ्यावर मेकअप नको. उठलेलं पुरळ येऊन-जाऊन असेल तर ते उठलेलं असतानाचा फोटो काढून ठेवा. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. त्यांवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखाद्या स्टिरॉइडचं नाव असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ट्यूब फेकून दिली असेल आणि आमच्याकडून घेतलेली असेल, तर बिलाची नोंद आमच्याकडे आहे. साधारण महिना सांगा, नाव कागदावर लिहून देऊ.