एक सूत की १.४२ मिलिमीटर?

एप्रिलमध्ये साताऱ्याच्या घरी भिंतीतलं कपाट करून घेतलं. २८० मिलिमीटर रुंदीचं, एकाच सागवानी फळीचं दार. थोरले मिस्त्री म्हणाले, "एक सूत सोड." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.२ मिलिमीटर. त्यांच्या पुतण्यानं बारा इंची डिजिटल कॅलिपरनं (सरकत्या जबड्याची, पडद्यावर आकडा दाखवणारी मोजपट्टी) चौकट मोजली, दार मोजलं आणि फट ठेवली १.४२ मिलिमीटर. "काका, एवढ्यात बसतंय की!" मला ते पटलं, कारण त्या यंत्राचं मला वेड आहे.

जुलैत दार जाम. एका नातेवाइकांनी लगेच वास्तुदोष काढला. दोष सापडला, पण तो दिशेचा नव्हता.

आधी कॅलिपर. त्याच्या पट्टीवरचा स्टिकर सोललात (हमी संपल्यावरच सोला) तर खाली सारख्या अंतरावर तांब्याचे छोटे तुकडे दिसतील. सरकत्या भागाच्या पोटाशीही अशाच बारीक पट्ट्यांची रांग असते. समोरासमोरच्या दोन पट्ट्या म्हणजे शाळेत शिकलेलं धारित्र, कपॅसिटर. आतली चिप त्या रांगेला प्रत्यावर्ती व्होल्टेज देते, पण सगळ्यांना एकदम नाही. पंगतीत वाढपी एका टोकापासून वाढत जातो तसं, प्रत्येक पट्टीला आधीच्या पट्टीपेक्षा किंचित उशिरा. तांब्याचे तुकडे हे सगळे संकेत एकत्र करून एकच लाट परत पाठवतात. समोर कोणत्या पट्ट्या आल्या आहेत त्यावर ती लाट किती मागे-पुढे, म्हणजे तिची कला, ठरते. बऱ्याच स्वस्त कॅलिपरांत ५.०८ मिलिमीटर सरकलं की कलेचं एक आवर्तन पूर्ण होतं. चिप पूर्ण आवर्तनं मोजते आणि चालू आवर्तनाचे सुमारे पाचशे भाग पाडते. पडद्यावरचा ०.०१ असा येतो. अर्थात पडद्यावर ०.०१ दिसलं म्हणून अचूकताही तितकीच, असं नाही.

या हिशेबात पट्ट्यांमध्ये हवा गृहीत आहे. हवेचा परावैद्युत स्थिरांक (मधल्या पदार्थामुळे कपॅसिटरमध्ये किती पट वीजभार साठतो तो आकडा) जवळपास १, पाण्याचा सुमारे ८०. ओलावा आत शिरला की आकडे नाचू लागतात.

तेच पाणी लाकडातही शिरतं. सेल्युलोजचे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेनं असतात. पाण्याचे रेणू त्यांच्यामध्ये घुसून त्यांना बाजूला रेटतात. म्हणून फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाहीच. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आकसतं, त्रिज्येच्या दिशेनं २.५. माझी फळी अशी चिरलेली की तिची रुंदी स्पर्शरेषेच्या दिशेनं येते. पावसाळ्यात तिच्यातला ओलावा १० वरून १५ टक्क्यांवर गेला असं धरा, तर वाढ पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. १.४२ ची फट संपली. सूत पुरलं असतं.

यावर "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" असं म्हणायचा मोह होतो. पण हे सूत ज्या इंचाचं, तो इंच इंग्रजांचा! मिस्त्रींनी बरेच पावसाळे आणि बरीच अडकलेली दारं पाहिलीत, एवढंच. पुतण्याचं मोजमापही बरोबरच होतं, फक्त ते एप्रिलचं होतं.

मी मिस्त्रींना फोन केला, रंधा घेऊन या म्हटलं.

"आत्ता रंधा मारला तर चैतात फट पडंल," ते म्हणाले. "दिवाळीपतोर कपडे बाहेर ठेवा."